त्रेचाळीस जणांची गाडी

गाडी आली तेव्हा तिच्यासोबत सहाशे बारा वस्तूंची यादी होती, आणि सहाशे बारावी वस्तू एक माणूस होता.

यादीत तसंच लिहिलं होतं. 'मागचा पंख, सुटा, नग दोन' आणि त्याच्याखाली 'अभियंता, नग एक'. तो ट्रकच्या केबिनमधून उतरला, गाडीच्या खोक्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि आपला नंबर कधी येतो याची वाट बघू लागला. गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप, चेहऱ्यावर काही नाही.

न पाहता सही करायची पद्धत आमच्या घरात नाही. मावशी चष्मा लावून यादी घेऊन पुढे झाली. सहाशे अकरा वस्तू मोजेपर्यंत दुपार टळली. मग ती त्याच्यासमोर उभी राहिली, वरून खाली त्याला न्याहाळलं आणि मला म्हणाली, "चालतो का बघ आधी."

मी त्याला चार पावलं चालायला सांगितलं. तो चालला आणि परत आला.

"बरं," म्हणत मावशीने सही केली.

सोबतच्या कागदात त्याची निगा कशी राखायची तेही होतं. अठरा ते सव्वीस अंश तापमानात ठेवावा. गाडीपासून तीस पावलांहून लांब नेऊ नये. वापर संपल्यावर गाडीसह परत करावा. म्हणून त्याचा पलंग वर्कशॉपमध्येच टाकावा लागला, तेलाच्या पिंपापाशी. आम्ही त्याला साहेब म्हणायला लागलो, कारण 'सहाशे बारा' अशी हाक मारणं मावशीला बरं वाटेना.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर आम्ही वेडे आहोत असं वाटेल. तसे आहोतच, पण उगाच नाही.

आमचं वर्कशॉप शहरातल्या बसचे गिअरबॉक्स दुरुस्त करतं. बाबांनी ते उभं केलं आणि त्याच बाबांना शर्यतींचं वेड. साध्यासुध्या शर्यती नव्हेत, सहा-सहा तास चालणाऱ्या. गेली बावीस वर्षं बाबा जुन्या गाड्या घेतात, आम्ही त्या उघडून पुन्हा बांधतो, ताई चालवते आणि आम्ही शेवटून दुसरे येतो. हे इतकं नियमाने होतं की शेवटून दुसऱ्या जागेला लोक आमचं नाव घेऊनच ओळखतात. पण आम्ही सगळे मागच्या वर्गातले. पुढच्या वर्गात मोठमोठ्या कंपन्या असतात. त्यांच्या गाड्या कधी रस्त्यावर दिसत नाहीत, जमिनीला चिकटून जातात, आणि एका शर्यतीत आम्हाला दहा-बारा वेळा ओलांडून जातात. एकदा तर एका ड्रायव्हरने ओलांडता ओलांडता ताईला हातही केला, शेजारचा माणूस गॅलरीतून करतो तसा.

ताई एकोणीस वर्षांची होती तेव्हा तिची पहिली शर्यत झाली. गाडीतून उतरल्यावर तिने कितवी आले वगैरे काही विचारलं नाही. पुढच्या वर्गातली एक गाडी समोरून नेत होते, तिच्याकडे बोट करून ती म्हणाली, "बाबा, मला त्यातून एकदा."

"देईन," बाबा म्हणाले.

"आवळलं?" तिने विचारलं.

"आवळलं."

आमच्या वर्कशॉपमध्ये या शब्दाला किंमत आहे. जो नट कसतो तो मोठ्याने म्हणतो 'आवळलं' आणि भिंतीवर खडूने एक तिरकी रेघ ओढतो. मग दुसरा कुणीतरी येऊन तोच नट स्वतःच्या हाताने तपासतो, म्हणतो 'पाहिलं', आणि त्या रेघेवर दुसरी रेघ ओढून फुली करतो. फुली झाली की काम झालं. ज्याने तपासलं नाही त्याने 'पाहिलं' म्हणायचं नाही, मग बस अर्धा दिवस खोळंबली तरी चालेल. या एका नियमापायी आमची किती गिऱ्हाइकं गेली ते मी सांगत बसत नाही. संध्याकाळी भिंत पुसतात. पण एका कोपऱ्यात एक एकटी रेघ गेली बावीस वर्षं आहे. भिंतीला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा रंगाऱ्याला बाबांनी ती सोडून रंगवायला लावलं.

आता ताई एक्केचाळीसची आहे. पुढच्या वर्गात पहिल्यांदा उतरणाऱ्याचं वय बेचाळीसच्या आत हवं असा नियम आहे आणि तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात. म्हणून एका कंपनीच्या संचालक मंडळाला शर्यतींचा अचानक कंटाळा आला आणि त्यांनी आपली गाडी विकायला काढली, तेव्हा बाबांनी कुणाला विचारलं नाही. आमची जुनी गाडी विकली आणि ही आणली. अट एकच. मोसमाच्या पहिल्या शर्यतीत गाडी धावली नाही तर ती परत जाणार आणि कंपनीच्या मुख्य ऑफिसात, स्वागतकक्षात, माशांच्या टाकीशेजारी कायमची उभी राहणार.

"आणि साहेब?" मी विचारलं होतं.

साहेबांनीच उत्तर दिलं. "होय."

म्हणजे तेही टाकीशेजारी. साहेबांचं बोलणं एवढंच असे. गाडीतली माहिती हे कंपनीचं गुपित होतं, त्यामुळे त्यांना तीनच उत्तरांची परवानगी होती. होय, नाही, आणि गप्प. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. कुठला बोल्ट किती कसायचा ते विचारावं, तर साहेब मूग गिळून बसलेले. मग मावशीने युक्ती काढली. ती बसच्या सीटची कव्हरं शिवते आणि शिवता शिवता गप्पा मारायची तिला सवय आहे.

"साहेब, मोठ्या पान्याने लावू?"

"नाही."

"लहान?"

"होय."

"पाव फेरी?"

गप्प.

"अर्धी?"

"होय."

अशी आख्खी गाडी तिने त्यांच्याकडून काढून घेतली, सूत उसवावं तशी. कागदावर त्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. ही गाडी किल्लीने सुरू होत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर त्रेचाळीस चौकोन येतात, प्रत्येक चौकोनात एक पद, आणि त्या पदावरच्या माणसाने बोट लावून 'तयार' म्हटलं की चौकोन हिरवा होतो. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हिरवे झाले तरच गाडी जागची हलते. कंपनीकडे खरोखर त्रेचाळीस माणसं होती. वाऱ्याचा प्रमुख, वाऱ्याचा उपप्रमुख, डाव्या ब्रेकचा माणूस, उजव्या ब्रेकचा माणूस, आणि या दोघांचं एकमेकांशी पटत नसावं म्हणून समन्वयक. आम्ही मोजून पाच. बाबा, ताई, मी, मावशी आणि ताईचा नवरा म्हणजे आमचे दाजी. दाजी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि शर्यतीच्या दिवशी रजा टाकतात.

"एका माणसाने दोन पदं घेतली तर चालतं?" दाजींनी विचारलं.

"होय," साहेब म्हणाले.

"चौदा?"

"होय."

एक चौकोन 'लॅपटॉपधारक' असा होता, तो साहेबांचाच. एक चालकाचा, तो ताईचा. उरलेले एक्केचाळीस आम्ही चौघांनी वाटून घेतले. मला चौदा, बाबांना दहा, दाजींना नऊ, मावशीला आठ. दुसरा कुणी असता तर नुसतं बोट लावून मोकळा झाला असता. मी तर होणारच होते. पण बाबा म्हणाले, "जे काम केलं नाही त्याला 'तयार' म्हणायचं नाही."

"बाबा, मशीनला काय कळतंय?"

"मशीनला कळत नाही म्हणूनच."

झालं. त्यामुळे सगळ्यांना सगळी पदं खरोखरची करावी लागली. मावशी वाऱ्याची प्रमुख झाली आणि उपप्रमुखही. तिने गाडीभर लोकरीचे तुकडे चिकटवले, समोर वर्कशॉपमधला मोठा पंखा लावला आणि कुठला धागा उलटा फडफडतो ते बघत दोन दिवस बसली. उपप्रमुख म्हणून स्वतःचंच म्हणणं तिने एकदा खोडूनही काढलं. दाजी डावा ब्रेक आणि उजवा ब्रेक दोन्ही झाले आणि समन्वयक मी. आणि तपासायला दुसरा माणूस हवाच, त्यामुळे माझी चौदा पदं मावशी तपासायची आणि मावशीची मी. सगळी भिंत फुल्यांनी भरली. एक कोपरा सोडून.

गाडीतलं तेल-पाणी आधी गरम केल्याशिवाय इंजिन हात लावू देत नाही. ते गरम करायचं यंत्र कंपनीने दिलंच नव्हतं, सहाशे बारामध्ये ते नव्हतं. मी बाथरूममधला गिझर काढून चाकांच्या गाड्यावर बसवला आणि नळ्या जोडल्या. आठवडाभर सगळ्यांनी थंड पाण्याने आंघोळ केली. साहेबांनीही केली, तक्रार नाही.

शर्यतीच्या संयोजकांना मात्र आमच्यावर विश्वास नव्हता. कंपनीने सोडलेली गाडी खाजगी लोकांना चालवता येते का, यावर त्यांच्या तीन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी ठरवलं की शुक्रवारी ट्रॅकवर परीक्षक येतील. गाडी संघाच्या स्वतःच्या माणसांनी, बाराच्या आत सुरू करून एक पूर्ण फेरी मारून आणली, तर रविवारी धावेल. नाहीतर नाव कापलं.

शुक्रवारी सकाळी आम्हाला ट्रॅकवरच्या शेवटच्या गॅरेजात जागा दिली. शेजारच्या गॅरेजात एका कंपनीची माणसं होती, सगळ्यांचे कपडे एका रंगाचे. त्यांनी आमच्या गिझरकडे बघितलं. मग एकाने दुसऱ्याला बोलावून आणलं आणि दोघांनी बघितलं.

परीक्षकबाई बरोबर नऊला आल्या. हातात फाइल, मनगटावर मोठं घड्याळ. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "मी उभी बरी." आणि खरंच तीन तास उभ्या राहिल्या.

ताई हेल्मेट घालून आत बसली. त्या गाडीत बसणं म्हणजे बसणं नव्हेच, अर्धवट झोपणं असतं. पट्टे मी आवळले, मावशीने पाहिले. हेल्मेटच्या खिडकीतून तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते इतके एकोणीस वर्षांचे दिसत होते की मी पटकन दुसरीकडे बघितलं.

अकरा वाजता गिझरचा लाल दिवा विझला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा पहिला चौकोन हिरवा झाला. मावशी, मी, बाबा, दाजी, पुन्हा मी, असे आम्ही लॅपटॉपभोवती फिरत बोटं लावत होतो. साडेअकराला त्रेचाळिसावा चौकोन हिरवा झाला. परीक्षकबाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. दाजींनी टाळीसाठी हात उचलले.

पडदा पांढरा झाला. त्यावर एकच ओळ आली. 'धावण्याचे कारण निवडा.'

खाली चार पर्याय होते. विक्रीवाढ. तंत्रज्ञान-विकास. प्रतिमा उंचावणे. संचालक मंडळाची भेट.

"हे काय आहे?" मी साहेबांकडे वळले. "हे येणार तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मग सांगितलं का नाही?"

साहेब गप्प. कुणी विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कंपनीत कुणा वरच्याने ठरवलं असणार की कारण लिहिल्याशिवाय एवढी महागडी गाडी सुरू होता कामा नये.

"जाऊ दे, काहीतरी निवडू," म्हणत मी पहिल्या पर्यायाकडे बोट नेलं.

बाबांनी माझं मनगट धरलं. "आपली विक्री वाढणार आहे?"

"बाबा!"

"वाढणार आहे का?"

"आपण काही विकतच नाही, वाढेल कशी! बाबा, साडेअकरा वाजून गेलेत. हा नुसता चौकोन आहे. ताई आत बसलीय!"

"म्हणूनच. तिच्या गाडीवर आजवर खोटी फुली मारली नाही. आज मारायची?"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. बावीस वर्षं त्या माणसाने ती रेघ सांभाळली आणि आता एका चौकोनासाठी तो सगळं घालवायला निघाला होता. मी मनगट सोडवलं. बोट पडद्यापासून एका चण्याएवढ्या अंतरावर होतं. तेवढ्यात रेडिओवर ताईचा आवाज आला. ती आतून सगळं ऐकत होती.

"धाकटे, नको."

"ताई, वेडी आहेस का तू?"

"माझे ब्रेक कुणी तपासलेत ते मला माहितीये, म्हणून मी यात बसते. हे खोटं लिहिलंस तर मग बाकीचं खरं कशावरून?"

मी बोट मागे घेतलं. दोघं एका मातीचे, त्यांच्यापुढे मी कधीच हात टेकलेत.

"मग खरं कारण शोधा," मी म्हणाले. "वीस मिनिटं आहेत."

सगळे पडद्याभोवती गोळा झाले.

"तंत्रज्ञान-विकास," दाजी म्हणाले. "गिझर! गिझरवर शर्यतीची गाडी याआधी कुणी गरम केलीय?"

बाबांनी गिझरकडे बघितलं. "तो अकरा वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्यात आपण काय विकसित केलं? नळी जोडली."

"प्रतिमा उंचावणे," मावशी म्हणाली. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या बाहीवर ग्रीस होतं, दाजींच्या शर्टाला लोकर चिकटली होती, मावशीच्या गळ्यात शिवणकामाची टेप होती. शेजारच्या गॅरेजातली माणसं आता सहाजण मिळून बघत होती. तो पर्याय आपोआप बाद झाला.

"संचालक मंडळ," मावशीने परीक्षकबाईंना विचारलं, "आम्ही आत्ता काढू शकतो का?"

"नोंदणीला पंधरा दिवस लागतात," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं. "सोळा मिनिटं."

बाबा खाली बसले. खुर्चीत नाही, टायरवर. खिशातून त्यांनी त्यांचं स्टॉपवॉच काढलं आणि उगाच दाबत राहिले. ते त्यांचं जुनं, जाड काचेचं घड्याळ. ताईची प्रत्येक फेरी त्यांनी त्याच्यावर मोजलेली. मोठ्या पडद्यांवर वेळ येतो, पण त्यांना तो पटत नाही. बाबांना असं बसलेलं मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं, आणि नंतर आजच. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि फक्त भीती उरली.

दाजी पडद्यासमोरून हलले नव्हते. "विक्रीवाढ," ते स्वतःशी पुटपुटले. "आपण काहीच विकत नाही ना?"

"सांगितलं ना. गाडी विकली तेवढीच, ती गेल्या वर्षी."

"म्हणजे या वर्षीची विक्री शून्य."

"शून्य."

"मग," दाजींनी वर्गात चढवतात तसा आवाज चढवला, "एक वस्तू विकली तर ती वाढ झाली की नाही?"

बाबांनी मान वर केली. "किती टक्के?"

"ते सांगता येत नाही. शून्याने भागता येत नाही. पण वाढ आहे. खरी वाढ आहे!"

"काय विकायचं?" मावशीने इकडे तिकडे बघितलं. "पाने लागणार आहेत. गिझर लागणार आहे."

"टायर?"

"आणि ती काय फेरी तीन चाकांवर मारणार?"

बाबा उठले. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे एकदा बघितलं, शर्टाला काच पुसली आणि विचारलं, "घेणार कोण?"

परीक्षकबाई ताबडतोब एक पाऊल मागे सरकल्या. "मी घेऊ शकत नाही. मी परीक्षक आहे."

"आम्ही आपसात विकलं तर ते खोटंच," दाजी म्हणाले.

मग सगळ्यांनी एकदमच साहेबांकडे बघितलं. साहेब लॅपटॉप धरून उभे होते, गाडीपासून दोन पावलांवर, नेहमीसारखे.

"पण साहेब आपल्याच यादीत आहेत," दाजी कुरकुरले. "आपल्याच मालाला माल विकला तर ती विक्री कशी?"

मावशी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. ट्रक आला होता त्या दिवशी राहिली होती तशीच. "साहेब, खरं सांगा. तुम्ही आमचे आहात का?"

साहेबांना हे उत्तर द्यायला त्रास होतोय हे दिसत होतं. "नाही," ते म्हणाले.

"मग कंपनीचे?"

साहेब गप्प. पण ही गप्प नेहमीची नव्हती. नेहमीची गप्प म्हणजे सांगायला बंदी आहे. ही म्हणजे, मलाही माहीत नाही.

"म्हणजे गिऱ्हाईक," मावशीने निकाल दिला. "साहेब, घड्याळ घेता?"

"होय," साहेब म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला आणि जे निघालं ते सगळं बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी न मोजता मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने घड्याळ दिलं. देताना त्यांचा अंगठा बटणावरून पटकन सुटला नाही.

"विकलं," बाबा म्हणाले.

मावशीने साहेबांचा हात उघडून बघितला. घड्याळ होतं. "पाहिलं," ती म्हणाली.

मी 'विक्रीवाढ'वर बोट ठेवलं. पडद्याने जरा वेळ घेतला. मग तो काळा झाला.

आणि काहीच झालं नाही. ना आवाज, ना धूर, ना थरथर. बाबांनी गाडीच्या पाठीला कान लावला. त्यांना कमी ऐकू येतं, पण मलाही काही येत नव्हतं.

"नाही सुरू झाली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात गाडी त्यांच्या कानाखालून निघून गेली.

अगदी गुपचूप, नुसत्या बॅटरीवर. गिझरच्या नळ्या मी जेमतेम खेचून काढल्या. ती गॅरेजमधून बाहेर सरकली, वळली आणि ट्रॅकला लागली. मग लांबून कुठूनतरी इंजिनाचा आवाज आला, आधी खाकरल्यासारखा आणि मग भरून. शेजारच्या गॅरेजातला एकजण "अरे!" म्हणाला.

"अकरा बावन्न," परीक्षकबाई म्हणाल्या.

बाबा ट्रॅकच्या भिंतीच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि अंगठा आत हलत होता, नसलेल्या बटणावर. ताईची सगळ्यात चांगली फेरी चार मिनिटं बारा सेकंदांची, ती त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ. रेडिओ माझ्या हातात होता. मावशी बोटं मोजत होती, काय मोजत होती कुणास ठाऊक. मला वाटलं आता बंद पडेल, पलीकडच्या वळणावर कुठेतरी उभी राहील, आणि तो चौकोन खोटा भरला असता तरी बंदच पडली असती, आणि तरीही मी आयुष्यभर बाबांना दोष दिला असता.

मग ती शेवटच्या वळणातून आली. आमच्या समोरून गेली तेव्हा भिंत हलली. मावशीची टेप गळ्यातून उडाली.

"अकरा छप्पन्नच्या आत," परीक्षकबाईंनी लिहून घेतलं. "फेरी पूर्ण."

बाबांनी खिशातून हात काढला. तो रिकामा होता. त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, कारण साहेबांना कुठलाही आकडा सांगायची परवानगी नव्हती आणि बाबांना कुणाला अडचणीत टाकणं जमत नाही.

साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी काखेतला लॅपटॉप काढून टायरवर ठेवला. आजवर मी त्यांच्या काखेत लॅपटॉप नाही असं पाहिलं नव्हतं.

"गाडीची माहिती कंपनीची आहे," साहेब म्हणाले. आवाज बसलेला होता, कितीतरी दिवसांत एवढं लांब वाक्य बोलले नसतील. "घड्याळ माझं आहे."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

"तीन मिनिटं एक्केचाळीस," साहेब म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले. तेवढ्यात माझ्या हातातला रेडिओ खरखरला. ताईचा श्वास ऐकू आला, मग आवाज.

"बाबा?"

मी रेडिओ त्यांच्या तोंडाजवळ धरला. "हं," ते म्हणाले.

"बाबा, पाहिलं."

बाबा माझ्या खांद्याला धरून रडायला लागले, भर दुपारी, परीक्षकबाईंसमोर, शेजारच्या सगळ्या एकरंगी माणसांसमोर, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही, कारण मीही रडत होते.

"तुमची एकच फेरी हवी होती," परीक्षकबाई फाइल मिटत म्हणाल्या. "झालं तुमचं. बोलवा तिला आत."

बाबांनी बाहीने नाक पुसलं आणि रेडिओ माझ्या हातातून घेतला.

"आत येऊ नकोस," ते म्हणाले. "अजून एक मार."

साहेबांनी घड्याळ शून्यावर आणलं.